दोघांची डोकी वेगळी, मग प्रोजेक्ट जमणार कसा?

मिनी प्रोजेक्टची जोडी ठरली की हे हमखास होतं. एकजण लगेच लॅपटॉप उघडून कोड लिहायला बसतो, दुसरा म्हणतो, "थांब रे, आधी कागदावर नीट मांडू." दोन दिवसांत पहिल्याला दुसरा स्लो वाटतो आणि दुसऱ्याला पहिला घिसाडघाई करणारा. सबमिशन येईपर्यंत बोलणंच बंद!

मग आपल्यासारखाच पार्टनर शोधायचा का? थांबा, आधी हे वाचा.

फरक कशातला?

मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ मध्ये विचारांच्या दोन शैली मांडल्या. 'अडॅप्टर' आहे तीच पद्धत सुधारत नेतो, 'इनोव्हेटर' पद्धतच बदलायला बघतो. इथे कोणी हुशार, कोणी ढ असं नसतं. दोघांच्या शैलीत अंतर जास्त असेल तर जुळवून घ्यायला मेहनत जास्त लागते. पण दोघेही सारखेच असतील, तर तीच चूक दोघांच्या नजरेतून सुटू शकते.

गूगलची जोडी

मार्च २००० मध्ये गूगलचं सर्च इंडेक्स अपडेट होणं बंद पडलं होतं. लोकांना काही महिने जुनेच रिझल्ट दिसत होते. जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी थेट ० आणि १ तपासले, तेव्हा कळलं की दोष मेमरी हार्डवेअरचा आहे. मग त्यांनी असा चुका सहन करणारा कोड लिहिला. जेफ झटपट नवं करून बघणारे, तर संजय शांत आणि टिकाऊ बांधणी करणारे. तरी दोघे एकाच कॉम्प्युटरसमोर बसून कोड लिहायचे. २००४ चा त्यांचा प्रसिद्ध 'मॅपरिड्यूस' पेपरही दोघांच्या नावावर आहे.

तुम्ही काय कराल?

याला 'पेअर प्रोग्रॅमिंग' म्हणतात.

• एकजण 'ड्रायव्हर': तो फक्त टाइप करतो.
• दुसरा 'नेव्हिगेटर': तो चुका आणि पुढची पायरी बघतो.
• अर्ध्या तासाने जागा बदला. घाई करणाऱ्याला थांबून बघावं लागतं आणि विचार करत बसणाऱ्याला हात चालवावा लागतो.
• वाद झाला तर दोन्ही आयडिया छोट्या करून चालवून बघा. जी चालेल ती ठेवा.

काम अर्धं-अर्धं वाटून शेवटच्या रात्री जोडलं, तर वेगळ्या डोक्याचा फायदाच मिळत नाही. तो मिळतो एकाच स्क्रीनकडे दोघांनी बघितल्यावर.

ज्याच्याशी सध्या अबोला आहे, त्या पार्टनरला हा लेख आजच पाठवा!