सामोड्याचा डॉक्टर, नंदुरबारचा ऑक्सिजन

एप्रिल २०२१ मध्ये देशभरातील रुग्णालयांबाहेर नातेवाईक सिलिंडर शोधत फिरत होते. मोठमोठ्या शहरांतही खाट मिळणे नशिबाची गोष्ट झाली होती. त्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याच्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र ऑक्सिजन होता, खाटा शिल्लक होत्या आणि शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातील रुग्णही उपचारासाठी येत होते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. मानवी विकासाच्या यादीत हा जिल्हा राज्यात नेहमी तळाशी असतो. तेथे हे कसे घडले, याचे कुतूहल साऱ्या देशाला वाटले.

त्या वेळी जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. नावामागचा ‘डॉक्टर’ हा एमबीबीएसचा, मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातला. मूळ गाव सामोडे, तालुका साक्री, जिल्हा धुळे. वैद्यकीय शिक्षण घेताना विद्यार्थी नेमका काय होतो, औषधांची नावे पाठ असलेला तंत्रज्ञ की समाजाच्या आरोग्याचा विचार करणारा माणूस, हा प्रश्न आज नीटच्या गुणांच्या गर्दीत हरवला आहे. भारूड यांचा प्रवास त्याचे एक उत्तर देतो.

पाचटाच्या झोपडीतून परळपर्यंत

भारूड यांचा जन्म १९८८ चा, भिल्ल समाजातला. जन्माआधीच वडील वारले. तीन लेकरे पोसण्यासाठी आईने मोहाच्या फुलांची दारू गाळून विकायला सुरुवात केली. उसाच्या पाचटाच्या झोपडीत घर आणि धंदा दोन्ही चाले. तान्हे बाळ रडून गिऱ्हाइकांना त्रास देऊ नये म्हणून त्याच्या तोंडात दारूचे थेंब टाकले जात, हे भारूड यांनीच पुढे सांगितले आहे. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन २०१४ मध्ये आले. त्यात आणि मुलाखतींतही त्यांनी यातले काही लपवले नाही.

आरोग्याच्या पानावर येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाळाला झोपवण्यासाठी किंवा खोकल्यावर म्हणून दारूचा थेंब देण्याची सवय आजही काही घरांत आहे. तान्ह्या बाळाचे यकृत अल्कोहोलचे विघटन नीट करू शकत नाही. त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते आणि श्वासही मंदावू शकतो. गप्प झालेले बाळ बरे झालेले असतेच असे नाही.

दारू प्यायला येणारे लोक या मुलाला चखणा आणायला पाठवत आणि त्याबद्दल चार पैसे देत. त्या पैशांतून तो पुस्तके घेई. शिकून तू काय डॉक्टर होणार का, अशी टिंगलही ऐकावी लागे. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी मात्र या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला बाहेर शिकायला पाठवा, असे आईला सांगितले. पाचवीनंतर अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात प्रवेश मिळाला. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी सहावी ते बारावीपर्यंत मोफत निवासी शिक्षण देणाऱ्या या शाळा १९८५-८६ पासून सुरू झाल्या. घरापासून दूर राहण्याचे दुःख होते, पण तेथे पोटभर जेवण, ग्रंथालय आणि अभ्यासाला उजेड होता. बारावीनंतर शिष्यवृत्तीच्या आधारावर तो मुलगा परळला पोहोचला.

ही गोष्ट जिद्दीची आहे, पण केवळ जिद्दीची नाही. वेळेवर बोट दाखवणारा शिक्षक, निवासी शाळा आणि शिष्यवृत्ती या तीन पायऱ्यांपैकी एक निखळली असती, तर जिद्द सामोड्यातच राहिली असती.

वॉर्ड काय शिकवतो?

केईएम हे १९२६ पासून सुरू असलेले महापालिकेचे रुग्णालय. मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतून आणि राज्यभरातून तेथे रुग्ण येतात. अशा ठिकाणी एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी पुस्तकापलीकडचे बरेच शिकतो.

पहिली सवय लागते ती ऐकण्याची. रुग्णाची कहाणी नीट विचारली की निम्मे निदान होते, असे प्रत्येक जुना प्राध्यापक सांगतो. दुसरी सवय शंका घेण्याची. ताप म्हणजे मलेरियाच असे धरून चालायचे नाही, शक्यतांची यादी करायची, तपासण्या करायच्या आणि पुरावा पाहून एकेक शक्यता खोडत जायची. संशोधनाची बीजे इथेच असतात. तिसरी सवय पुढचे पाहण्याची. रुग्ण आत्ता बरा दिसतो, पण रात्री श्वास वाढला तर काय करायचे, याची तयारी संध्याकाळच्या राउंडलाच करून ठेवावी लागते. समाजवैद्यक हा विषय हीच दृष्टी एका रुग्णावरून गावावर नेतो. साथ कशी पसरते, पाणी कुठून येते, लस कुठे अडते, हे प्रश्न त्याचेच.

भारूड यांना २०११ मध्ये महाविद्यालयाचा सर्वोत्कृष्ट विद्यार्थी म्हणून गौरव मिळाला. शेवटच्या वर्षापासूनच ते केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचीही तयारी करत होते. पुढे ते २०१३ च्या तुकडीत भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. निकाल लागला तेव्हा गावातील काही जणांनी मुलगा ‘कंडक्टर’ झाला असे समजून अभिनंदन केले, ही आठवण ते हसत सांगतात. कलेक्टर हा शब्द तेथे इतका दूरचा होता. नांदेड जिल्ह्यातील किनवटचा आदिवासी विकास प्रकल्प, सोलापूर जिल्हा परिषद असे टप्पे पार करत ते नंदुरबारला आले. म्हणजे ज्या भागात शाळा शिकले, त्याच भागात अधिकारी म्हणून परतले.

मिनिटाला सहाशे लिटर

पहिल्या लाटेत नंदुरबारमध्ये एका दिवसातील रुग्णसंख्या दोनशेच्या आतच राहिली. सप्टेंबर २०२० नंतर देशातील आकडे उतरू लागले आणि अनेक ठिकाणी तात्पुरती केंद्रे गुंडाळली गेली. नंदुरबारमध्ये मात्र त्याच सप्टेंबरमध्ये पहिला ऑक्सिजन प्रकल्प उभा राहिला. अमेरिका आणि ब्राझीलमध्ये रुग्ण वाढत होते. तेथे झाले ते येथेही होऊ शकते, हे गृहीत धरून तयारी केल्याचे भारूड यांनी नंतर सांगितले. संध्याकाळच्या राउंडचेच हे तर्कशास्त्र होते, फक्त रुग्णाच्या जागी सोळा लाखांचा जिल्हा होता.

हे प्रकल्प ऑक्सिजन ‘तयार’ करत नाहीत, हवेतून वेगळा काढतात. आपल्या भोवतीच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. ही हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजातून सोडली की नायट्रोजन त्या छिद्रांत धरून ठेवला जातो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. दाब कमी केला की अडकलेला नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार होते. दोन टाक्या आळीपाळीने हे काम करत राहतात. बाहेर पडणारा वायू साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन असतो आणि तो नळीने थेट खाटेपर्यंत जातो. टँकर लागत नाही, घाट ओलांडावा लागत नाही. लागते ती फक्त वीज आणि देखभाल.

पहिल्या प्रकल्पाची क्षमता मिनिटाला ६०० लिटर होती. दिवसाचा हिशेब केला तर साडेआठ लाखांहून अधिक लिटर होतात. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे रोज सव्वाशेच्या आसपास सिलिंडर भरतील एवढा. एका प्रकल्पाचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये. जिल्हा नियोजन निधी, आपत्ती निवारण निधी आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसा उभा करण्यात आला. २०२१ च्या वसंतात दुसरी लाट आली आणि दिवसाला बाराशेपर्यंत रुग्ण सापडू लागले, तोवर आणखी दोन प्रकल्प उभे राहत होते.

ऑक्सिजन नर्सचे गणित

यंत्र बसवले की प्रश्न सुटला, असे होत नाही. मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन दहा लिटरने घेणाऱ्या ६० रुग्णांना पुरतो. पण जास्त प्रवाहाच्या नळीवर मिनिटाला ६० लिटर घेणारे रुग्ण असतील, तर तोच ऑक्सिजन दहा जणांतच संपतो. म्हणून कोणाला किती हवा, हे सतत पाहणारा माणूस लागतो.

नंदुरबारने त्यासाठी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. ठराविक खाटांची जबाबदारी एका परिचारिकेकडे देण्यात आली. तिने दर काही तासांनी बोटावरच्या यंत्राने रक्तातील ऑक्सिजनची पातळी मोजायची आणि त्यानुसार प्रवाह कमी-जास्त करायचा. करोनाच्या बहुतेक रुग्णांसाठी ९२ ते ९६ टक्के ही पातळी पुरेशी मानली जात होती. ती ९९ करण्यासाठी नळ मोकळा सोडण्याने रुग्णाचा फायदा नव्हता आणि शेजारच्या खाटेचे नुकसान होते. जेवताना किंवा स्वच्छतागृहात जाताना मास्क काढला तरी अनेकदा ऑक्सिजन चालूच राहतो, तो बंद करणे हेही तिचेच काम. दहा रुग्णांचा प्रवाह प्रत्येकी दोन लिटरने कमी करता आला, तर दिवसाला चार जम्बो सिलिंडर वाचतात. पुढे हीच पद्धत राज्यात इतरत्र वापरण्यात आली.

नेतृत्व या शब्दाचा अर्थ इथे दिसतो. पैसा आणि परवानगी जिल्हाधिकाऱ्याने आणली, पण ऑक्सिजन वाचवला तो परिचारिकांनी. त्यांच्या हाती निर्णय सोपवला, म्हणून तो वाचला.

एक जागा वाया गेली का?

डॉक्टर प्रशासनात गेला की एक आक्षेप हमखास येतो. गावाकडे डॉक्टर नाहीत आणि शासनाच्या खर्चाने शिकलेला डॉक्टर फाइली पाहतो, मग ती वैद्यकीय जागा फुकट गेली नाही का? आक्षेप निराधार नाही. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात आजही प्रश्न कलेक्टरचा नसून रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन पोहोचल्यावर आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, हा असतो. भारूड यांच्या वाटेने गेलेला प्रत्येक जण तेथील एक खुर्ची रिकामी ठेवतो.

पण नंदुरबारच्या अनुभवाने दुसरी बाजूही दाखवली. रुग्णाचा श्वास कळणारा माणूस निधीच्या टेबलावर बसलेला असेल, तर साथ येण्याआधी निर्णय होऊ शकतो. अशा टेबलांवर वैद्यकीय समज असावी आणि आरोग्य केंद्रातही डॉक्टर असावा, या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. एक भागवण्यासाठी दुसरी नाकारून चालणार नाही. त्यासाठी सामोड्यासारख्या गावांतून एक नव्हे, शेकडो मुले-मुली वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचायला हवीत.

गुणांच्या पुढचा अभ्यासक्रम

२०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. या चुरशीत अकरावी-बारावीची दोन वर्षे सराव परीक्षांतच जातात, यात नवल नाही. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी पदवी घ्यावी लागते आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने केलेले संशोधन व सेवाही पाहिली जाते. आपल्याकडे बारावीनंतर थेट प्रवेश असतो, त्यामुळे हे सारे एमबीबीएसच्या वर्षांतच घडावे लागते. त्याची दारे उघडी आहेत, आत जाणारे कमी आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती देते. मार्गदर्शक शोधायचा, प्रस्ताव लिहायचा आणि दोन महिन्यांत छोटासा अभ्यास पूर्ण करून अहवाल द्यायचा. नव्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमही आला आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबांशी नाते जोडायचे आणि त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवत राहायचे. कागदापुरता केला तर तो सहीचा सोपस्कार आहे. मनापासून केला तर रक्तदाबाची गोळी आजोबांनी का सोडली, हे स्वयंपाकघरात बसून कळते.

खान्देशात तर संशोधनाचे विषय दारातच आहेत. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी झाली तर पुढचा निर्णय समजून घेता येतो. हे गणित अहिराणीत किंवा भिलीत, समोरच्याला दोष न देता समजावून सांगणे हे मोठे कौशल्य आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. ते गाठणारे डॉक्टर आज शाळा-महाविद्यालयांत आहेत.

धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२० पासून नंदुरबारलाही सुरू झाले आहे. साक्री-पिंपळनेरच्या मुलीला आता परळ गाठल्याशिवायही डॉक्टर होता येईल. तिला गुण मिळवावेच लागतील. शिक्षक आणि पालकांनी मात्र तिला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गाव सोडून जाण्यासाठी शिकणे आणि गावाचा प्रश्न बरोबर घेऊन शिकणे, यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारे शिकलेला डॉक्टर पुढे दवाखान्यात बसो, प्रयोगशाळेत जावो की कलेक्टर कचेरीत, त्याच्या हातून लोकांचा श्वास सांभाळला जाण्याची शक्यता अधिक असते.