रात्री तोंडाला तेल कोणते लावावे?

मार्गशीर्ष-पौष आला की थंडी वाढते. पुण्यात रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली जातो. हवा कोरडी होते. मग गाल खरखरीत होतात, ओठ फुटतात, हातपाय उलतात. तोंड धुतले की कातडी ओढल्यासारखी वाटते. पहाटे उठून कामाला जाणाऱ्यांना आणि दिवसभर उन्हावाऱ्यात राबणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

विश्रांतवाडी ही पुण्याच्या आळंदी रस्त्यावर आहे. आळंदीहून माउलींची पालखी पुण्याला येते ती याच वाटेने. पूर्वी ही खरोखरच वाडी होती, आता शहरात मिसळून गेली आहे. शहर आले तशी शहरातली दुकानेही आली. दुकानात गेले की छोट्या छोट्या बाटल्यांची रांग दिसते. कुणात बदामाचे तेल, कुणात जैतुनाचे, तर कुणात पार मोरोक्को देशातल्या आर्गन झाडाचे. बाटली अंगठ्याएवढी आणि किंमत दिवसाच्या मजुरीएवढी. शेजारणीने घेतली म्हणून आपणही घेतो. घरखर्चातले पैसे तिकडे जातात.

मंडळी, आम्ही सांगतो ते ऐका. तोंडाला लावायला चांगले तेल बहुधा तुमच्या चुलीपाशीच असते. फक्त कोणते, किती आणि कसे, एवढे कळले पाहिजे.

तेल करते काय?

आपल्या कातडीचा वरचा थर भिंतीसारखा असतो. बारीक पेशी म्हणजे विटा. विटांच्या मध्ये जसा चुना, तशी पेशींच्या मध्ये चरबी असते. ही चरबी अंगातले पाणी आत धरून ठेवते. कढत पाणी आणि साबण यांनी ती धुऊन जाते. कोरडी हवा मग पाणी ओढून घेते. भिंतीचा चुना झडला की फटी पडतात, तसे कातडीचे होते.

तेल या फटी बुजवते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून तेल कोरड्या तोंडाला लावू नये, ओलसर तोंडाला लावावे.

मग रात्रीच का? दिवसा तेलकट तोंडावर धूळ बसते. रात्री धूळ नाही, ऊन नाही, घामही कमी. तेलाला सात-आठ तास निवांत मिळतात.

कोणते तेल कसे?

करडईचे तेल : हे आपल्या मातीतले तेल. सोलापूर-मराठवाड्याकडच्या काळ्या रानात करडई रब्बीला येते. करडई काटेरी, म्हणून काढणीला हात सोलून निघतात, हे तुम्ही जाणताच. फलटणला १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था निघाली. तिथे बिनकाट्याची करडई तयार झाली. या तेलात लिनोलेइक नावाचे आम्ल पुष्कळ असते, शंभरात सुमारे ७० ते ७५ भाग. कातडीची भिंत धड राहायला हे आम्ल लागते आणि आपल्या शरीराला ते स्वतः बनवता येत नाही. तेल पातळ आहे, चिकट होत नाही. तोंडासाठी आम्ही पहिला नंबर याला देतो.

सूर्यफुलाचे तेल : याचाही गुण करडईसारखाच. बांगलादेशात ढाक्याच्या इस्पितळात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना डॉक्टरांनी हे तेल लावून पाहिले. त्या बाळांना जंतूंची लागण कमी झाली. ही माहिती २००५ साली छापून आली. किराणा दुकानात हे तेल कुठेही मिळते.

तिळाचे तेल : दिवाळीच्या अभ्यंगाचे हे तेल. थोडे जड, पण कोरड्या कातडीला चांगले मानवते. वास उग्र वाटला तर पायांना लावा.

खोबरेल : हातापायांना उत्तम. पण तोंडावर मुरूम येणाऱ्यांनी जपून. हे तेल जड आहे. कातडीची छिद्रे बुजून मुरूम वाढू शकतात. थंडीत खोबरेल गोठते, म्हणून ते खराब झाले असे समजू नका. २४ अंशांच्या खाली गोठणे हा त्याचा स्वभावच आहे.

शेंगदाण्याचे तेल : हेही चालते. मात्र ज्यांना शेंगदाणे किंवा तीळ खाऊन अंगावर गांधी उठतात, त्यांनी ती तेले लावू नयेत.

एरंडेल : फार घट्ट. तोंडाला नको. फुटलेल्या ओठांना आणि टाचांच्या भेगांना लावा.

मोहरीचे, निंबोळीचे, निलगिरीचे तेल : ही तेले झोंबतात. तोंडाला लावू नयेत.

आणि ते महागडे जैतुनाचे तेल? इंग्लंडात थोड्या माणसांच्या हातांवर प्रयोग झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जैतुनाच्या तेलाने कातडीची भिंत कमजोर झाली, सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकून राहिली. महाग ते चांगलेच, असे नसते.

खर्च किती?

चला, हिशेब करू. तोंडाला एका वेळी चार थेंब पुरे. सुमारे २० थेंबांचा १ मिलिलीटर होतो. म्हणजे पाच रात्रींना १ मिलिलीटर आणि महिन्याला ६ मिलिलीटर. १०० मिलिलीटर तेल एका माणसाला सोळा महिने पुरेल! तेव्हा तोंडासाठी निराळे तेल विकत घ्यायचे कारणच नाही. स्वयंपाकाच्या तेलातले दोन चमचे बाजूला काढले की महिना निघाला.

आता दुकानातली छोटी बाटली घ्या. समजा, ३० मिलिलीटरला ३०० रुपये पडले. तर लिटरला किती? दहा हजार रुपये! एवढ्यात घरातल्या सगळ्यांना वर्षभर पुरून उरेल इतके गोडे तेल येईल.

बाटली वाचायला शिका

तुम्हांला आता वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा. पिशवीवर किंवा बाटलीवर तेलाचे नाव, वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो. तो असेल तेच तेल घ्या. पत्ता नसलेले सुटे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

का, ते सांगतो. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसांचे पाय सुजले, छातीत पाणी झाले. ६० हून अधिक माणसे दगावली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. हे विष पोटातून तर जातेच, पण मालिश केल्यानेही अंगात भिनू शकते. म्हणून 'खायचे नाही, नुसते लावायचे आहे' असे म्हणून वाटेल ते तेल घेऊ नये.

वासाच्या केसतेलाची बाटलीही वाचा. तिच्यावर 'लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' असे लिहिले असेल, तर त्यात खनिज तेल आहे. ते विष नव्हे, पण बीचे तेल म्हणून त्याला पैसे का मोजावेत? उलट, शुद्ध खोबरेलाची लहान बाटली हेही खायचेच तेल आहे. ती केसांचे तेल म्हणून विकलेली नसेल, तर कराच्या हिशेबाला ती खाद्यतेलच धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले.

लावावे कसे?

आधी परीक्षा घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा. तीन रात्री असे करा. खाज, पुरळ, लाली आली नाही तरच तोंडाला लावा.

मग रात्री तोंड कोमट पाण्याने धुवा. फडक्याने टिपून घ्या, घासू नका. तोंड ओलसर असतानाच चार थेंब तळव्यावर घेऊन गालांवर, कपाळावर हलके दाबा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. तोंड चकचकीत दिसले तर तेल जास्त झाले, पुसून घ्या. उशीचा अभ्रा आठवड्याला धुवा.

तेल छोट्या, कोरड्या बाटलीत भरून अंधारात ठेवा. खवट वास आला की टाकून द्या. भजी तळलेले तेल तोंडाला कधीच लावू नका. ज्यांचे तोंड मुळात तेलकट आहे, त्यांना तेल लागतच नाही.

तेलाने काय होत नाही?

तेलाने रंग उजळत नाही. गालांवरचे वांग जात नाही. 'आठ दिवसांत गोरे व्हा' असे सांगून कोणी तेल किंवा मलम विकू लागला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. अशा काही मलमांत पारा सापडला आहे. पारा मूत्रपिंडाला अपाय करतो. सावळा रंग हा काही रोग नाही, त्याला औषध कशाला?

आणि ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर तेल लावत बसू नका. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्यावर फुकट औषध मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पुरता बरा होतो. पू, जखम, गजकर्ण असेल तरीही आधी डॉक्टरांना दाखवा.

एवढे ध्यानात ठेवा

१. तोंडाला करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल. हातापायांना खोबरेल.
२. चार थेंब पुरेत. तोंड ओलसर असताना लावा.
३. आधी कोपराच्या आत लावून पाहा.
४. बाटली वाचल्याशिवाय तेल घेऊ नका.
५. बधिर चट्ट्याला तेल नको, डॉक्टर हवा.

हा पाठ घरातल्या ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही वाचून दाखवा.