विपश्यनेला बसायचे तर आपला धर्म बाजूला ठेवावा लागतो का? समजून घ्या

इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’वर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन असे सगळेच बसतात. पहाटे चारला उठायचे, मोबाइल जमा करायचा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन पाळायचे. फी नाही, खर्च दानातून चालतो. तरीही अर्ज भरण्यापूर्वी अनेकांच्या मनात एक शंका असते : ही साधना बुद्धांची, मग माझ्या श्रद्धेचे काय?

नियम काय सांगतो?

शिबिरात धर्मांतर नाही. मात्र दहा दिवस पूजा, प्रार्थना, जप, उपवास, उदबत्ती हे सगळे थांबवावे लागते. नियम सर्व धर्मांच्या साधकांना सारखाच. रोज नमाज पढणाऱ्याला किंवा नेमाने माळ ओढणाऱ्याला ही अट सोपी नाही.

फक्त श्वासच का?

सुरुवातीचे तीन दिवस नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. त्याला कोणतेही नाव किंवा रूप जोडायचे नाही. नाव जोडले की ती एका पंथाची साधना होते. श्वास मात्र सगळ्यांचा, ही सत्यनारायण गोएंका यांची भूमिका. म्यानमारमधील हिंदू मारवाडी कुटुंबात जन्मलेले गोएंका ही साधना तेथील बौद्ध गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले आणि १९६९ मध्ये भारतात घेऊन आले.

चर्चचा आक्षेप कशाला होता?

गोएंकांनी साधनेतून देवाचे नाव बाजूला ठेवले. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी उलटे केले : श्वास आणि शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्याची पौर्वात्य पद्धत त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणली. लोणावळ्याची ‘साधना’ संस्था त्यांचीच. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर जाहीर आक्षेप घेतला. त्यावर सही होती कार्डिनल रॅटझिंगर यांची, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे.

आक्षेप श्वासाच्या सरावावर नव्हता. डिमेलोंचे सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीतच असल्याचे त्याच पत्रकात म्हटले होते. वाद होता तो नंतरच्या लेखनातील देव आणि येशूबद्दलच्या मांडणीवर. १९८९ च्या पत्रातही व्हॅटिकनने इतर धर्मांच्या ध्यानपद्धती सरसकट नाकारल्या नव्हत्या. ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाऊ नये, एवढी अट घातली होती.

मग ठरवायचे कसे?

लक्ष देण्याची रीत एका धर्मातून दुसऱ्यात सहज जाते. अडते ते तिचा अर्थ लावताना. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : दहा दिवस आपली उपासना थांबवायला मन तयार आहे का, आणि संध्याकाळच्या प्रवचनातील बुद्धांची शिकवण मोकळेपणाने ऐकता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपल्याच परंपरेतील ध्यान, जप किंवा जिक्र आहेच.