पाठीशी डोंगर, समोर मोकळं अंगण

2020 साली कचेरी घरात शिरली आणि अनेक घरांतून ती पुन्हा पुरती बाहेर पडलीच नाही. कुणी बेडरूममधल्या कपाटाशेजारी टेबल लावलं, कुणी गॅलरी बंद करून घेतली, कुणी जेवणाच्या टेबलाचं एक टोक कायमचं अडवलं. यातली बहुतेक टेबलं भिंतीला चिकटलेली असतात, कारण तशी जागा वाचते. पण त्यामुळे तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे करून माणूस दिवसचे दिवस काम करतो. फेंगशुईचा जाणकार अशा खोलीत आला, तर भिंतींच्या रंगाकडे पाहण्याआधी तो या बैठकीवर बोट ठेवेल.

आपल्याकडे फेंगशुई म्हटलं की भेटवस्तूंचं दुकान डोळ्यांसमोर येतं. पोट सुटलेला लाफिंग बुद्धा, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली नाणी, काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’. हा बांबू मुळात बांबू नाहीच, ते मध्य आफ्रिकेतलं ड्रसीना जातीचं झाड आहे. पंजा हलवणारी मांजर जपानची. या वस्तू आवडल्या तर जरूर ठेवाव्यात, पण त्या टेबलावर मांडल्या म्हणजे फेंगशुई झाली, असं समजण्यात आपण एका जुन्या आणि बारकाईच्या विद्येला मुकतो. ती विद्या जागा पारखण्याची आहे.

सुरुवात झाली ती घरांपासून नव्हे, थडग्यांपासून. इसवी सन 324 मध्ये वारलेल्या ग्वो पू या चिनी पंडिताच्या नावावर दफनविधीचा एक ग्रंथ सांगितला जातो. जमिनीतून वाहणारी ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्याबरोबर विखुरते आणि पाणी लागलं की थांबते, असा त्यातला विचार. म्हणून वाऱ्यापासून आडोसा असलेली, जवळ पाणी असलेली जागा पूर्वजांसाठी निवडायची. जे पूर्वजांना, तेच पुढे जिवंत माणसांना. चांगल्या जागेचं वर्णन चार प्राण्यांनी करतात: पाठीमागे काळं कासव म्हणजे उंच डोंगर, डाव्या हाताला निळा-हिरवा ड्रॅगन, उजवीकडे त्याहून जरा ठेंगणा पांढरा वाघ आणि समोर तांबडा पक्षी, म्हणजे दूरवरची एखादी लहानशी टेकडी. मध्ये जी मोकळी जमीन उरते ती ‘मिंगतांग’, उजळ अंगण. हातांची खुर्ची असते ना, तसा हा सारा भूभाग.

हाँगकाँगमध्ये हा नकाशा भर शहरात दिसतो. नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेली आणि 1985 साली पूर्ण झालेली एचएसबीसी बँकेची इमारत व्हिक्टोरिया शिखराकडे पाठ करून उभी आहे, समोर स्टॅच्यू स्क्वेअरचं मैदान आणि त्यापलीकडे बंदराचं पाणी. 1990 साली शेजारी आय. एम. पेई यांचा बँक ऑफ चायनाचा मनोरा उभा राहिला, तेव्हा त्याच्या धारदार कडांना लोक सुरीची पाती म्हणू लागले. टोकदार कोपरा माणसावर रोखलेला असू नये, हा फेंगशुईचा नियम तिथे रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक असतो.

पण घरातल्या कचेरीसाठी खरा धडा हाँगकाँगपेक्षा सुजौमध्ये मिळतो. चीनमधल्या या शहरात ‘जाळं टाकणाऱ्याची बाग’ म्हणून ओळखली जाणारी जुनी बाग आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात एक छोटी अभ्यासिका. तिचं तोंड दक्षिणेला, समोर फरसबंदी अंगण, अंगणाच्या कडेला झरा आणि अर्धा मंडप. अभ्यासिकेच्या मागे चिंचोळी मोकळी जागा ठेवली आहे. मागच्या भिंतीतल्या खिडक्यांतून तिथले दगड आणि बांबू चौकटीत बसवलेल्या चित्रासारखे दिसतात. वाचणाऱ्याला उजेड समोरून मिळतो, पाठीमागे बंदिस्त शांतता असते आणि डोळा थकला की टेकायला हिरवं काहीतरी असतं. 1930च्या दशकात चित्रकार झांग दाचियान आणि त्याचा थोरला भाऊ या बागेत राहत. भाऊ वाघांची चित्रं काढायचा आणि त्यासाठी त्याने वाघाचा बछडा पाळला होता. त्या बछड्याची समाधी याच अंगणात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला चिनी अंगण उभारायचं होतं, तेव्हा त्यांनी हेच निवडलं. सुजौच्या कारागिरांनी घडवलेली ती प्रतिकृती 1981 साली खुली झाली.

याच सुजौचा वेन झेनहेंग सतराव्या शतकाच्या आरंभी घर सजवण्यावर एक ग्रंथ लिहून गेला. तो काही फेंगशुईचा गुरू नव्हता, रसिक होता. पण टेबलाबद्दल तो जे सांगतो ते आज जसंच्या तसं लागू पडतं. टेबल खोलीच्या डाव्या अंगाला ठेवा, खिडकीला भिडवू नका, वारा आणि ऊन अंगावर येतं. शाईचा दगड डाव्या हाताला असू द्या, म्हणजे ओल्या शाईची चमक डोळ्यांत जाणार नाही, दिव्याच्या उजेडात तर तसंच बरं. शाईच्या जागी लॅपटॉपचा पडदा आला, चमक तीच राहिली.

आता आपली खोली घ्या. समजा दहा बाय दहाची आहे. दारातून आत पाहा आणि दाराच्या तिरक्या रेषेतला लांबचा कोपरा शोधा. खुर्चीची जागा तिथे. खुर्ची सरकायला तीन फूट, टेबलाची रुंदी दोन फूट. मागच्या भिंतीपासून पाच फूट गेले तरी समोर पाच फूट मोकळे राहतात. हे तुमचं मिंगतांग. तिथे कपड्यांचा स्टँड किंवा जुन्या खोक्यांची चळत येऊ देऊ नका. पाठीशी भरीव भिंत, नजरेच्या टप्प्यात दार, पण दाराच्या अगदी नाकासमोर नाही. खिडकी बाजूला आली तर उत्तम, लिहिणारा हात उजवा असेल तर डावीकडे. खिडकी पाठीमागे असेल तर तिचा उजेड पडद्यावर चमकतो आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा काळवंडतो. शिवाय ‘डोंगर’ही जातो. दुसरा इलाजच नसेल तर खिडकीला जाड पडदा आणि खुर्चीला उंच पाठ.

डोक्यावर तुळई येऊ देऊ नये, असंही ही विद्या सांगते. जुन्या इमारतींत बीम खाली उतरलेला असतो; त्याखाली बसलं की नकळत दबून बसल्यासारखं होतं, हे अनुभवाने पटतं. टेबल वीतभर सरकवलं तरी बहुधा काम होतं. वायरींचा गुंता टेबलाच्या पाठीमागे बांधून टाका. याला कोणी साचलेली ची म्हणेल, मी पायात अडकणारी पीडा म्हणते, उपाय एकच.

यामागे काही तथ्य आहे का? ची मोजायचं यंत्र नाही आणि अमुक कोपऱ्यात रोप ठेवल्याने पगार वाढतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण बसण्याच्या जागेबद्दलचं शहाणपण वेगळ्या वाटेनेही गाठता येतं. इंग्लंडमधले भूगोलतज्ज्ञ जे ॲपल्टन यांनी 1975 साली मांडलं की माणसाला अशी जागा आवडते, जिथून दूरचं दिसतं आणि स्वतःला आडोसा मिळतो. पाठीशी कासव, समोर अंगण म्हणजे याहून वेगळं काय?

खरा घोळ होतो तो दिशांचा. चिनी परंपरेत घराचं तोंड दक्षिणेला शुभ, आपल्याकडे दक्षिण यमाची. वास्तुशास्त्र काम करताना पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करायला सांगतं. दोन्ही पुस्तकं उघडून बसलं तर टेबल कधीच जागेवर लागणार नाही. फेंगशुईची दक्षिण कुठून आली ते पाहिलं की गाठ सुटते. बीजिंगला हिवाळ्यात वायव्येकडून गोठवणारे वारे येतात आणि डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर चढतो. तिथे दक्षिणेचं ऊन म्हणजे जीव की प्राण. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस असतो. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत भाजून निघते. तेव्हा आडोसा हवा तो पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून. जागा वाऱ्या-पावसावरून पारखायची हेच मूळ सूत्र असेल, तर महाराष्ट्रात कासव त्या बाजूला बसवणं हीच फेंगशुईशी खरी निष्ठा. चोवीस दिशांची लुओपान नावाची चिनी होकायंत्राची तबकडी विकत घ्यायची गरज नाही. आणि आपल्याकडच्या पुस्तकांत छापलेला ‘धनाचा कोपरा’, जो दारापासून मोजतात, तो लिन युन या गुरूने अमेरिकेत रुजवलेल्या अलीकडच्या पंथातून आला आहे. जुन्या चिनी दिशाशास्त्रात तो तसा नाही.

उरला प्रश्न वन बीएचकेचा, जिथे टेबल भिंतीला चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे लॅपटॉपच्या पडद्यामागच्या भिंतीवर छोटा आरसा लावतात, म्हणजे दारात कोण आलं ते मान न वळवता दिसतं. फक्त त्यात खिडकीचा झोत पडत नाही ना, एवढं तपासा. आणि कचेरी बेडरूममध्येच असेल तर पलंगावरून टेबल दिसू नये, असा नियम आहे. एक साधा पडदा, घडीचं पार्टिशन, नाहीतर झाकण ओढून बंद होणारं टेबल चालतं. काम संपलं की लॅपटॉप मिटायचा, चार्जर काढायचा आणि पडदा ओढून घ्यायचा.