मैदानावरील द्वेष आणि कायद्याची मर्यादा

फुटबॉल हा इंग्लंडचा लोकखेळ. परंतु याच खेळाच्या प्रेक्षकांनी एकेकाळी युरोपभर दहशत बसविली होती. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेजेल मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक विरोधी प्रेक्षकांवर चालून गेले. चेंगराचेंगरीत भिंत कोसळली व ३९ माणसे प्राणास मुकली. इंग्लिश क्लबांना पाच वर्षे युरोपीय स्पर्धांची दारे बंद झाली. पुढे कॅमेरे आले, दंगेखोरांना मैदानबंदी झाली आणि हाणामारी पुष्कळ ओसरली.

जीभ मात्र मोकळीच होती. १९८८ साली लिव्हरपूलचे कृष्णवर्णीय खेळाडू जॉन बार्न्स यांच्या दिशेने प्रेक्षकांतून केळे फेकले गेले. १९९१ च्या कायद्याने मैदानावरील वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरविल्या. पण किमान दोघांनी मिळून ओरडले तरच! एकटा ओरडणारा या कलमातून सुटत असे. ही पळवाट १९९९ साली बुजविण्यात आली.

तरीही २०२१ च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकताच रॅशफोर्ड, सांचो व साका यांच्यावर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. २०२२ पासून अशा शिवीगाळीलाही मैदानबंदीची शिक्षा होऊ शकते.

मैदानबंदीने माणूस बाहेर ठेवता येतो, त्याच्या मनातील द्वेष नव्हे. म्हणून आम्हांस वाटते, शिवी देणाऱ्याच्या शेजारी बसलेला प्रेक्षक ज्या दिवशी त्याला "गप्प बस" म्हणेल, त्या दिवसापासून खरा बदल सुरू होईल. शेजाऱ्याचे मौन हेच द्वेषाचे बळ असते.