काचेच्या केबिनमधला ताण

ऑफिसात काचेचं पार्टिशन उभं राहिलं की एक मागणी हमखास येते: हँडल जरा खाली घ्या, इथून वायर न्यायला एक भोक पाडा. कारागीर ठाम नकार देतो आणि तो काम टाळतोय असा समज होतो. पण तो बरोबर असतो. भट्टीतून निघालेल्या टफन काचेला ड्रिल लावलं की अख्खी काच खाली येते.

साधी काच दाब भरपूर सोसते, ओढ सोसत नाही. तिच्या पृष्ठभागावर नजरेला न दिसणारे असंख्य चरे असतात. काच वाकली की ताणल्या जाणाऱ्या बाजूचा एखादा चरा उकलतो आणि तडा आरपार धावतो. टफन करताना काच सुमारे 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर लगेच घट्ट होतो. आतला गाभा मागाहून निवताना आकसू पाहतो आणि त्या थराला आवळून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 700 किलो किंवा त्याहून जास्त. चरे मिटलेले राहतात, म्हणून ही काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत ठरते.

गाभ्यात मात्र हा दाब तोलून धरणारी ओढ कोंडलेली असते. ड्रिलचं टोक तिथवर पोचलं, किंवा कोपरा ग्रॅनाइटच्या फरशीवर आपटला, की ती क्षणात मोकळी होते आणि काचेचे बारीक खडे होतात. लांब सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत, हीच तिची सुरक्षितता. शेपटी मोडताच भुकटी होणाऱ्या काचेच्या थेंबांबद्दल रॉबर्ट हूकने 1665 मध्येच लिहिलं होतं. त्यामागचं कारण हेच.

कधी कधी कोणी हात न लावताही काच फुटते. काच बनताना निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण तिच्यात राहून जाऊ शकतो. झटपट थंड केल्यामुळे तो आपल्या उच्च तापमानाच्या रूपातच अडकतो, मग महिन्यांनी किंवा वर्षांनी रूप बदलतो आणि 2 ते 4 टक्के फुगतो. गाभ्यातल्या ओढीला तेवढं निमित्त पुरतं. अशा वेळी सफाई कामगारावर आळ येतो, हा सरळ अन्याय आहे. यावर उपाय म्हणजे हीट सोक चाचणी: काच कारखान्यातच काही तास 260 ते 290 अंशांवर ठेवतात, म्हणजे सदोष काचा बहुतेक तिथेच फुटतात.

आवाजाचंही एक गणित आहे. 12 मिलिमीटरची एकसंध काच साधारण 1000 हर्ट्झच्या आसपास आवाजाला सहज साथ देते, आणि आपलं बोलणं नेमकं याच पट्ट्यात येतं. दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच ही कंपनं शोषते. दाराखालची फट उघडी राहिली तर मात्र तिचाही फारसा उपयोग नाही.

तेव्हा बिजागऱ्या, कुलूप, हँडल, वायरीची भोकं, सगळं काच भट्टीत जाण्याआधीच नकाशावर पक्कं करा. मीटिंग रूमसाठी लॅमिनेटेड काच मागा आणि टफन काचेची हीट सोक चाचणी झाल्याचं लेखी घ्या. एवढं करूनही एखादी काच आपोआप फुटलीच, तर कोणाचा पगार कापण्याआधी पुरवठादाराला तुकडे तपासायला लावा.