पाण्यातल्या मुळांचा श्वास

संस्कृतात वनस्पतीला ‘पादप’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पायांनी पितो तो पादप. उपपद तत्पुरुष समासाचे उदाहरण म्हणून हा शब्द मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. शब्द यथार्थ आहे. परंतु तो मुळांचे अर्धेच कार्य सांगतो. मुळे पाणी पितात, तशीच ती श्वासही घेतात. जमिनीत मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून त्यांना हवा मिळते. माती वगळून केवळ अन्नद्रव्यमिश्रित पाण्यात रोपे वाढवली, की पाण्यात विरघळलेला प्राणवायू हाच त्यांचा मुख्य आधार उरतो. उन्हाळ्यात हे पाणी थंड का ठेवावे, याचे उत्तर येथेच दडलेले आहे.

या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील डब्ल्यू. एफ. गेरिक यांनी १९३७ मध्ये प्रचारात आणले. ग्रीक भाषेत ‘हायडोर’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे श्रम. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये बंगालमधील कलिंपाँग येथे असे प्रयोग आरंभले. कलिंपाँग हे थंड हवेचे ठिकाण. आपल्या इंदुरात मात्र मे महिन्यात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि गच्चीवरील लहान टाकीतले पाणी पाहता पाहता तापते.

पाणी जसे तापते, तसा त्यातील प्राणवायू सामावून घेण्याची त्याची शक्ती घटते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे ७.५ आणि ३५ अंशांना ६.९ मिलिग्रॅमवर येतो. याच वेळी मुळांची गरज मात्र वाढत असते. तापमान दहा अंशांनी चढले, की त्यांचा श्वसनवेग, एका मर्यादेपर्यंत, साधारण दुप्पट होतो. मिळकत घटावी आणि खर्च दुपटीने वाढावा, अशी ही संसाराची ओढाताण आहे. त्यातच पिथियमसारखे मुळे कुजवणारे सूक्ष्मजीव कोमट, प्राणवायूहीन पाण्यात फोफावतात. पांढरीशुभ्र मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात, पाण्याला वास येतो, आणि रोप भर पाण्यात उभे असूनही तहानेने माना टाकते. अशा वेळी पाण्यात आणखी खत घालण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने दुखणे वाढते; कारण रोपाला भूक लागलेली नसते, त्याचा श्वास कोंडलेला असतो.

म्हणून पालेभाजीसाठी पाणी १८ ते २२ अंशांत असावे, निदान २५ च्या वर फारसे जाऊ नये. साधा तापमापक घेऊन पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास नोंद ठेवावी. विद्यार्थ्यांना या नोंदवहीतून पुष्कळ शिकता येईल.

पहिला उपाय म्हणजे उष्णता आत येऊच न देणे. टाकी व नळ्या बाहेरून पांढऱ्या रंगवाव्यात. मात्र त्या पारदर्शक नसाव्यात. प्रकाश आत शिरला की शेवाळ माजते. टाकी तापल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर, सावलीत ठेवावी, रोपांवर जाळी बांधावी. पाणी थोडे असेल तर लवकर तापते. पाच लिटरांपेक्षा पन्नास लिटरांची टाकी अधिक धीराची. पाण्यात बुडवलेला पंपही पाणी तापवतो, हे सहसा ध्यानात येत नाही. वीस वॉटचा पंप चाळीस लिटर पाण्याला तासाभरात जवळजवळ अर्ध्या अंशाची ऊब देतो. तेव्हा तो दुपारी अधूनमधून व रात्री अधिक चालवावा. माळव्याच्या रात्री शीतल म्हणून नावाजलेल्या आहेत. त्यांच्या हवेत वाहते पाणी आपोआप निवते. मत्स्यालयात वापरतात तो हवेचा पंप मात्र अखंड चालू ठेवावा.

दुसरा उपाय आपल्या घरातलाच आहे. माठातले पाणी निवते, ते पाझरलेले पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जाते म्हणून. एक लिटर पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो बर्फ वितळण्यास केवळ ८०. तथापि अन्नद्रव्याचे पाणी थेट माठात भरू नये. त्यातील क्षार बाहेर साचून छिद्रे बुजवतात, आणि उरलेले द्रावण अधिकाधिक तीव्र होते. त्याऐवजी मातीच्या मोठ्या कुंडीचे भोक बुजवून तीत द्रावणाची बादली ठेवावी, मधल्या फटीत वाळू भरून ती साध्या पाण्याने ओली ठेवावी. टाकी मोठी असेल, तर तिला ओले गोणपाट गुंडाळावे. उडून जावे ते साधे पाणी. रोपाचे अन्न जागीच राहावे.

या उपायालाही सीमा आहे. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात, ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असता, ही सीमा २८ वरच थांबते. तेथे सावली व हवेचा पंप यांवरच भिस्त ठेवावी लागते. बर्फ हा प्रसंगापुरता उपाय: ३२ अंशांच्या वीस लिटर पाण्यात एक किलो बर्फाने पाच अंशांची उतार मिळते. तो बंद बाटलीत गोठवून सोडावा, म्हणजे द्रावण पातळ होत नाही.

इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, चढ चढवून आणावे लागते. त्यामुळे गोणपाट भिजवण्याआधी सावली करावी, हा क्रम मी महत्त्वाचा मानतो. ऋतूचा मानही राखावा. लेट्यूस, पालक ही थंडीची लेकरे. त्यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ द्यावा. उन्हाळ्यात लाल माठ लावावा, त्याला उष्मा मानवतो. मराठीने थंड पाण्याच्या भांड्याला आणि उन्हाळा सोसणाऱ्या भाजीला एकच नाव दिले आहे. एप्रिलमध्ये एखाद्या मुलाचे पहिलेच रोप मेले, की ‘आपल्या हाताला झाड लागत नाही’ अशी त्याची समजूत होते, आणि ती पुढे जन्मभर टिकू शकते. त्याच्या हाती तापमापक द्यावा, म्हणजे दोष हाताचा नसून कोमट पाण्याचा होता, हे त्याचे त्यालाच कळेल.